शेजारचे दोन माग आणि माळ्यावरची भांडी : मधूनमधूनच का वाजतात?

माळ्यावरचा (रविवार, रात्री ९:१०)

वडगावात आमचं जुनं घर आहे. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचा यंत्रमाग. त्याच्या खटखटाटातच मी लहानाचा मोठा झालो, त्रास असा कधी वाटलाच नाही. उलट करंट जाऊन माग थांबला की आम्हाला जाग येते.

गणपती झाल्यावर शेजारच्या मामांनी दुसरा माग टाकला, पहिल्याच्याच जोडीचा. तेव्हापासून आमच्या माळ्यावरची भांड्यांची मांडणी वाजायला लागली. तीवर आईची तांब्या-पितळेची सगळी भांडी आहेत. पण सारखी वाजत नाही, हीच गंमत आहे. आधी माळ्याची जमीन हळूच घुमायला लागते, मग तांबे एकमेकांना लागून किणकिणतात, आवाज चढतो, उतरतो, आणि एकदम शांत. थोड्या वेळाने परत तेच. आई तर भूत म्हणते. घड्याळ लावून बसलो, दहा वेळा चढ-उतार व्हायला ६७ सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी मोजलं तर ६६.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "माग हाय ओ, वाजणारच की." बरोबर आहे त्यांचं. पण दोन्ही माग सलग चालतात, मग माझी भांडी सात-सात सेकंदांनी का थांबतात? मी कॉमर्सवाला, जरा सोप्या भाषेत सांगा.

खानापूरकर (रविवार, रात्री ९:३२)

वास्तुशांत केली काय ओ? आजोबांचा कुठला तांब्या मोडीत घातला असशील, तो मागायला येत असतील.

अर्धवट इंजिनिअर (रविवार, रात्री १०:०५)

हे तर सरळ सरळ कपल्ड ऑसिलेटर, म्हणजे एकमेकांना जोडलेले झोके! घरी करून बघा. कपडे वाळत घालायची वलणी जरा सैल बांधा. तिला दीड-दीड वीत दोरीने दोन सारखी कुलुपं टांगा, मध्ये हातभर अंतर ठेवून. एक कुलूप वलणीला आडवं, म्हणजे आपल्याकडे ओढून सोडा. दुसऱ्याला हात लावू नका. थोड्या वेळात दुसरं आपोआप झुलायला लागतं आणि पहिलं चक्क थांबतं. मग उलट. वलणीतून ऊर्जा इकडून तिकडे ये-जा करते. तुमचे दोन माग म्हणजे ती दोन कुलुपं. एका मागाची ऊर्जा दुसऱ्यात गेली की तुमच्याकडे शांत. विषय संपला.

गणितवाली (रविवार, रात्री ११:२०)

विषय इतक्यात संपत नाही. प्रयोग झकास आहे, मी निपाणीत मुलांना हाच करून दाखवते, पण तो या घराला लागू पडत नाही.

आधी कुलुपांचं बघू. जोडीला झुलायच्या दोन स्वतंत्र चाली असतात, त्यांनाच मोड म्हणतात. पहिली चाल म्हणजे दोन्ही एकदम एकाच बाजूला झुलणं. तेव्हा वलणीही त्यांच्यासोबत झुलते, दोरी लांब झाल्यासारखी होते आणि झोका मंद पडतो. दुसऱ्या चालीत एक पुढे तर दुसरं मागे. तेव्हा दोघांच्या ओढाताणीत वलणी जवळजवळ जागेवरच राहते आणि झोका जलद होतो. समजा मंद चालीचे मिनिटाला ५० झोके आणि जलदचे ५४. या दोन्हींपैकी कुठल्याही एका चालीत नीट सोडलं, तर कुलुपं शेवटपर्यंत तशीच झुलतात, देवाणघेवाण वगैरे काही होत नाही. मुलांना हे दाखवायचं राहूनच जातं, आणि मग त्यांना वाटतं की जोडलं की ऊर्जा पळतेच.

एकच कुलूप ओढून सोडणं म्हणजे दोन्ही चाली समसमान मिसळून सोडणं. त्या मिनिटाला चारने एकमेकींच्या पुढे-मागे होतात. साडेसात सेकंदांनी पहिलं कुलूप थांबलेलं दिसतं, पंधराव्या सेकंदाला पुन्हा पहिल्यासारखं.

आता माग. ओढून सोडून दिलेलं कुलूप आणि माग यांत फरक आहे. मागाला मोटर सतत ढकलत असते. एक माग दुसऱ्याची ऊर्जा घेऊन स्वतः थांबत नाही. तसं झालं असतं तर मामांचा माग दर सात सेकंदांनी बंद पडला असता! मला वाटतं इथे नुसते विस्पंद आहेत, म्हणजे जवळजवळ सारख्या वेगाचे दोन ठोके कधी एकत्र पडतात, कधी आलटून-पालटून.

तपासायला सोपं आहे. एक माग थांबवून बघा. चढ-उतार गेला आणि सलग आवाज राहिला, तर माझं खरं.

धोटा (सोमवार, सकाळी ६:४५)

शहापुरात चाळीस वर्षं मागावर काढली, म्हणून बोलतो. जोडीचे माग असले तरी वेग कधीच सारखा नसतो. पुली झिजलेली असते, पट्टा सैल असतो, एकाचं सूत जड असतं. मोटर दोन्हीकडे सारखी, पण पीक, म्हणजे मिनिटाला पडणारे मागाचे ठोके, वेगळे. आणि संध्याकाळी करंट उतरला की दोन्ही हळू होतात, तेही सारखे नाहीत. तुमचा तो सात सेकंदांचा हिशेब संध्याकाळी मोजा, बदललेला दिसेल.

पीक मोजायचे तर फणीचे ठोके मोजा, धोट्याच्या नादी लागू नका. धोटा डावीकडून आणि उजवीकडून सारखा मारला जात नाही, कान फसतो. मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि हळू करून मोजा.

माळ्यावरचा (सोमवार, रात्री ८:५०)

मोजलं. मामा चहाला बसले होते, त्यांनी व्हिडिओ घेऊ दिला, वर "ह्याचं काय करणार?" म्हणून हसले. जुना माग मिनिटाला १३७, नवा १४०.

मग नवा बंद करून जुना एकटा चालवला. भांडी गप्प. जुना बंद करून नवा एकटा चालवला, तर बारीक किणकिण सलग चालू, चढ नाही उतार नाही. म्हणजे गणितवाली ताई बरोबर. पण हिशेब जमत नाही ताई. १४० आणि १३७ मध्ये फरक मिनिटाला ३ चा, म्हणजे वीस सेकंदांनी एकदा चढायला हवं ना? माझं तर पावणेसातला येतंय.

संध्याकाळी साडेसातला मोजलं तेव्हा नऊवर गेलं होतं. धोटाकाका, नमस्कार.

गणितवाली (सोमवार, रात्री १०:१५)

वा! आकडे दिले हे फार बरं केलं, खरी गोष्ट आता सापडली.

वीसला तीनने भागा. ६.६७ येतात. तुमच्या दहा फेऱ्यांना ६७ सेकंद.

मागाचा ठोका हा झुल्यासारखा गुळगुळीत नसतो, तो आपटतो. आपटण्यात मूळ वेगाबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी कंपनं असतात. तुमच्या माळ्याने त्यातली तिप्पट उचलली आहे. १४० ची तिप्पट ४२०, १३७ ची ४११, फरक मिनिटाला ९, म्हणजे ६.६७ सेकंद. आणि मिनिटाला ४२० म्हणजे सेकंदाला बरोबर ७. सेकंदाला सात हेलकावे, ७ हर्ट्झ. तुमच्या माळ्यावर कशाची तरी स्वतःची चाल ७ च्या आसपास आहे. म्हणून तो बाकी सगळं सोडून तेवढंच उचलतो. अनुनाद तो हाच.

जुन्या मागाची तिप्पट ६.८५ ला पडते, जरा बाजूला, म्हणून तो एकटा भांडी वाजवू शकत नाही. आणि तुम्हाला "एकदम शांत" वाटतं तेव्हा माळा हलायचा थांबलेला नसतो. भांडी एकमेकांना लागण्याइतकं हलणं तेव्हा उरत नाही, एवढंच. किणकिणीला एक उंबरठा असतो.

मोबाईलमध्ये फायफॉक्स नावाचं, हलणं मोजणारं फुकट अ‍ॅप घ्या, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे. माग बंद असताना मोबाईल माळ्यावर ठेवा, शेजारी टाच आपटा, आणि आलेखात कुठल्या आकड्याला उंचवटा येतो ते सांगा. दोन-तीन सेकंदांची नोंद पुरत नाही, ६.८५ आणि ७ वेगळे दिसायला निदान सात-आठ सेकंद हवेत. टाचेचं हलणं लवकर विरतं, म्हणून परत परत आपटा.

पंचम (सोमवार, रात्री ११:४०)

वाचतोय, मजा येतेय. तानपुरा लावताना आम्ही हेच करतो. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की लाटा ऐकू येतात, लाट लांबत लांबत थांबली की तार लागली. पुढे सितारीच्या तरफेचं, म्हणजे खालच्या बारीक तारेचं, वेगळं. तिला कुणी हात लावत नाही, वरची तार वाजली की सुरातली तेवढीच तरफ बोलते. मिरजेचे कारागीर हे कानाने करतात, हर्ट्झ वगैरे न विचारता.

एक शंका. दोन घड्याळं शेजारी टांगली तर लंबक आपोआप जुळतात म्हणतात. मग हे दोन माग इतक्या दिवसांत जुळून का गेले नाहीत?

उद्यमबागी (मंगळवार, सकाळी ७:३०)

पंचमराव, घड्याळांचं खरं आहे. हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६६५ साली आजारी पडून अंथरुणात असताना ते पाहिलं. एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं काही वेळात नेमकी उलट लयीत जुळायची. दोन्ही जवळपास एकाच वेगाची होती आणि मधला आधार थोडासा हलू शकत होता. दोन्ही गोष्टी लागतात. मामांच्या मागांत शंभराला दोनचा फरक आणि मधे दगडी जोतं. ते कशाला जुळतील?

पण मोटरी जुळतात हे मी रोज बघतो. फाउंड्रीत साचा फोडून वाळू झाडायची जाळी असते, शेक-आउट. तिला दोन बाजूंना दोन व्हायब्रेटर मोटरी (दांड्यावर एकाच बाजूला वजन असलेल्या), उलट-सुलट फिरणाऱ्या, मधे गिअर नाही, साखळी नाही. चालू केल्या की पहिले दोन-चार सेकंद जाळी वेडीवाकडी नाचते आणि मग एकदम शिस्तीत सरळ रेषेत हलायला लागते. दोन्ही वजनं आपोआप लयीत येतात, जाळीच त्यांना एकमेकांची खबर देते. नवीन पोरांना विश्वास बसत नाही, गिअर कुठे लपवलाय म्हणून खाली वाकून बघतात.

आणि तीच जाळी बंद करताना बघा. चालू असताना काही वाटत नाही, पण मोटर मंदावत थांबायच्या बेतात आली की शेवटचे दोन सेकंद धाडधाड आपटते. स्प्रिंगांवरच्या जाळीची स्वतःची चाल मोटरच्या वेगापेक्षा बरीच खाली असते, उतरताना ती वाटेत लागते.

खानापूरकर (मंगळवार, सकाळी ८:०२)

आता कुणीतरी तो अमेरिकेतला वाऱ्याने पडलेला पूल आणणार बघा.

गणितवाली (मंगळवार, सकाळी ८:२०)

आणू नका, हात जोडते. १९४० साली पडलेला टॅकोमाचा पूल सगळेच अनुनादाचं उदाहरण म्हणून देतात, पण तिथे वाऱ्याला पुलाच्या लयीत झोके द्यावे लागले नव्हते. पूल पिळवटला की त्या पिळानेच वारा त्याला आणखी पिळत होता. त्याला फ्लटर म्हणतात, ती वेगळी भानगड.

उदाहरण हवंच असेल तर लंडनचा पादचारी पूल घ्या. २००० सालच्या जूनमध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. माणसं चालताना डावी-उजवीकडे किंचित ढकलतात, पूल हलला की तोल सावरायला नकळत त्याच्याच लयीत पाय टाकतात, मग पूल आणखी हलतो. हेलकावे शोषणारे डॅम्पर बसवून २००२ मध्ये परत उघडला.

कित्तूरचा पाव्हणा (मंगळवार, सकाळी ९:१५)

लंडन कशाला? आपल्या गोकाक फॉल्सचा झुलता पूल आहे की, घटप्रभेवर, दोनशे मीटर लांब. चौथीच्या सहलीत गुरुजी ओरडत होते, "पाय जुळवू नका!" आणि आम्ही मुद्दाम जुळवत होतो. मधोमध पोहोचल्यावर फळ्या पायाखालून वर यायला लागल्या आणि सगळ्यांची बोबडी वळली. बाईंच्या हातातली जेवणाची पिशवी धबधब्याच्या खडकात गेली. बाकी काही आठवत नाही, भूक आठवते.

माळ्यावरचा (मंगळवार, दुपारी २:४०)

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही माग बंद होते, टाच आपटून घेतली. आई खालून ओरडली, "माळा पाडतोस काय रे?"

ताई, घोळ झालाय. एक उंचवटा येईल म्हणालात, दोन आलेत, एक ५.८ ला आणि एक ७.० ला. चार वेळा केलं. माळा एकच आहे आणि आकडे दोन कसे?

अर्धवट इंजिनिअर (मंगळवार, दुपारी ३:०५)

माझी कुलुपं! आता तरी मान्य करा!

गणितवाली (मंगळवार, संध्याकाळी ५:३०)

केली मान्य. तुमची कुलुपं खरीच आहेत, तुम्ही ती शेजारच्या घरात टांगली होती, ती निघाली माळ्यावर.

दोन उंचवटे म्हणजे दोन चाली, म्हणजे तिथे हलणाऱ्या वस्तू दोन आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक माळा. दुसरी, मला संशय आहे, मांडणी स्वतः. ती कशावर उभी आहे? मांडणी रिकामी करून परत टाच आपटा. तिच्याखालची फळी किती वाकली आहे तेही बघा.

माळ्यावरचा (मंगळवार, रात्री ११:५५)

दोन तास भांडी उतरवली. एकशे तीन नग निघाले. दोन तांब्यांवर पणजीचं नाव कोरलेलं सापडलं, आई तेच पुसत बसली.

मांडणी रिकामी केल्यावर एकच उंचवटा, ६.४. दोन्ही जुने गायब!

फळीचं म्हणाल तर तिथे दोन तुळयांमधलं अंतर बाकीपेक्षा जास्त आहे, पूर्वी तिथून शिडी वर येत असे, नंतर फळी टाकून बुजवलं. मांडणी बरोबर त्या फळीवर. दोन टोकांना दोरा ताणून धरला आणि मधे पट्टी लावली, रिकामी असताना आणि भरल्यावर. सहा मिलिमीटरचा फरक.

उद्यमबागी (बुधवार, सकाळी ७:१०)

सहा मिमी? मग हिशेब आताच सांगतो. वजनाने स्प्रिंग किती मिमी दबली त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा, हर्ट्झ मिळतात. वजन किती, फळी कसली, काही विचारायचं नाही. सहाचं वर्गमूळ २.४५. १५.८ भागिले २.४५ म्हणजे ६.४५. माळा ६.४, फळीवरची मांडणीही ६.४. ठरवून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

आमच्यात हे मुद्दाम करतात. हर्मान फ्राम नावाच्या जर्मन इंजिनिअरची १९०९ ची युक्ती. हलणाऱ्या मशीनला त्याच चालीचं छोटं वजन स्प्रिंगवर लटकवायचं, मग त्या वेगाला मशीन शांत आणि वजनच नाचतं. तैपेईच्या उंच इमारतीत ६६० टनांचा गोळा टांगलाय, तो याच कुळातला.

पण त्यात एक फसगत आहे, आणि ती मी भोगलीय. एक ब्लोअर १४४० आरपीएमवर फ्रेमसकट थरथरायचा, म्हणजे २४ हर्ट्झ. पोलादी पट्टीच्या टोकाला वजन बांधून ती २४ ला लावली आणि फ्रेमला बोल्ट केली. वजन होतं फ्रेमच्या शंभराला पाच. ब्लोअर असा गप्प झाला की वर रुपया उभा करून दाखवला होता साहेबांना. सहा महिन्यांनी कुणीतरी हवा कमी पडते म्हणून पुली बदलली, वेग गेला १६०० वर. दुसऱ्या पाळीत पट्टी तुटून पत्र्याच्या छपरात घुसली. खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो.

नंतर कागदावर मांडलं. आधीचा २४ चा अनुनाद गेला नव्हताच, त्याचे दोन झाले होते, २१.५ आणि २६.८. आणि २६.८ म्हणजे मिनिटाला १६०८. जोडलेलं वजन जितकं जास्त, तितके ते दोन आकडे एकमेकांपासून लांब जातात. तुमच्या माळ्याचं तेच. ६.४ एकटा असता तर मामांचा ७ त्याच्यापासून लांब राहिला असता. मांडणीने त्याचे ५.८ आणि ७ केले, आणि वरचा नेमका नव्या मागाच्या तोंडी दिला.

धोटा (बुधवार, सकाळी ७:४०)

म्हणजे मामांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पुली बदला म्हणून तर अजिबात सांगू नका. मजुरी मीटरवर असते, पीक कमी झाले की चूल कमी पेटते. मांडणी सरकवा.

माळ्यावरचा (शुक्रवार, रात्री ९:२५)

सरकवली. चार माणसं लागली. मामाही आले मदतीला, एवढे दिवस "वाजणारच की" म्हणत होते, आता मांडणीचा एक पाय त्यांच्याच हातात होता. आता ती सरळ तुळईवर उभी आहे, खाली वाकायला फळी नाही. भांडी भरून टाच आपटली, एकच उंचवटा, ६.२. वजनामुळे ६.४ चा थोडा खाली आला असेल, बरोबर ना ताई?

दोन्ही माग चालू असताना तांबे गप्प आहेत. मांडणीवर तळहात ठेवला तर अजून हळूच चढ-उतार कळतो, साधारण सात सेकंदांचाच. आईला तेही कळतं म्हणते, पण ती आता भूत म्हणत नाही, "मामांचा माग आला बघ," म्हणते.

गणितवाली (शुक्रवार, रात्री १०:००)

बरोबर. मांडणी आता माळ्याबरोबर एकच होऊन हलते, म्हणून एकच चाल आणि ती थोडी मंद. ठोके तर दोन आहेतच, त्यांचे विस्पंद राहणारच. त्यांना मोठं करणारं जे होतं ते बाजूला झालं. हाताला कळतं ते खरंच आहे, आईंना सांगा.

शिडीच्या जागेवरची फळी मात्र तशीच ठेवू नका, तिच्यावर उद्या कुणी पिंप ठेवेल.

माळ्यावरचा (शुक्रवार, रात्री १०:१८)

फळीखाली धिरा देतो रविवारी. दिवाळीनंतर मामा तिसरा माग टाकणार आहेत म्हणे. त्यांनीच विचारलं, "किती पिकांवर ठेवू ते तुझ्या मोबाईलला विचारून सांग."

धोटा (शनिवार, सकाळी ६:३०)

मिनिटाला १२४ सोडून काहीही सांगा. तिप्पट करून साठने भागा, ६.२ येतात. गणित मलाही जमायला लागलं की ओ.